हायब्रिड गाडीची बॅटरी-सुरक्षा प्रणाली आणि पेटंट परीक्षणातले आक्षेप: उत्तर कुठून बांधायचे?

प्रश्न थोडक्यात असा. हायब्रिड गाडीसाठी बॅटरी-सुरक्षा प्रणाली तयार केली आणि भारतीय पेटंट कार्यालयात अर्ज केला. पॅकमध्ये तापमान, व्होल्टेज आणि वायू यांचे सेन्सर आहेत. धोका दिसला की ईसीयू (गाडीचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण युनिट) बॅटरी तोडते आणि गाडी इंजिनवर चालू ठेवते. पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, हाती आला आहे. त्यात दोन जुने दस्तऐवज आहेत. डी१ मध्ये बॅटरी बिघडल्यावर इंजिनवर जाणारी हायब्रिड गाडी आहे. डी२ मध्ये वायू सेन्सरवरून सेलचा बिघाड ओळखून लगेच काँटॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा विद्युत स्विच) उघडणारा इलेक्ट्रिक गाडीचा पॅक आहे. दोन्ही एकत्र धरून इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे शोध जाणकाराला उघड न वाटण्याचा गुण, नाकारली आहे. शिवाय कलम ३(एफ) (ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी), कलम ३(के) (निव्वळ अल्गोरिदम किंवा संगणक प्रोग्राम), अस्पष्ट क्लेम (नेमका कशावर हक्क मागितला ते सांगणारी वाक्ये) आणि एकाच अर्जात दोन शोध, असेही आक्षेप आहेत. तुमच्या इंजिनिअरांचे म्हणणे असे की एक्झामिनरने शोध नीट वाचलाच नाही.

वाचला आहे. तुमचा क्लेम १ असा आहे: ‘हायब्रिड वाहनासाठी सुरक्षा प्रणाली, जिच्यात इंजिन, मोटर, बॅटरी पॅक, तापमान सेन्सर, वायू सेन्सर आणि ईसीयू असून, ईसीयू सेन्सरच्या संकेतांवरून धोका ओळखते, बॅटरी विलग करते आणि वाहन इंजिनवर चालवते.’ सुट्या भागांची यादी आणि शेवटी सगळ्यांनाच हवा असलेला परिणाम, एवढेच यात आहे. डी१ आणि डी२ शेजारी ठेवले तर या क्लेममधले काहीही बाहेर उरत नाही. एक्झामिनर क्लेम तपासतो, तुमच्या टेस्ट बेंचवरची गाडी नाही.

आता तुमच्याच स्पेसिफिकेशनमधले, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनातले, एक वाक्य पाहा. एका आकृतीच्या वर्णनात, जाता जाता, तुम्ही लिहिले आहे की या रचनेत १२ व्होल्टचा स्टार्टर नाही, उच्च व्होल्टेजची मोटरच इंजिन फिरवते, म्हणून काँटॅक्टर उघडण्यापूर्वी इंजिन सुरू करून घेतले जाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. शोध या वाक्यात आहे आणि क्लेममध्ये त्याचा मागमूस नाही. उत्तराची सगळी इमारत या वाक्यावर उभी करा. बाकी आक्षेपांपैकी निम्मे त्यातच विरघळतात.

ते का, हे समजायला थोडे इंजिनिअरिंग लागेल. निव्वळ इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी बिघडली की निर्णय सरळ असतो: तोडा आणि थांबा. हायब्रिडमध्ये ऊर्जेचे दोन स्रोत असतात आणि एकाला कधी तोडायचे हे दुसऱ्याच्या स्थितीवर ठरते. ज्या रचनेत इंजिन सुरू करायला उच्च व्होल्टेजची मोटरच लागते (टोयोटाच्या पॉवर-स्प्लिट रचनेत हे काम मोटर-जनरेटर करतो, वेगळा स्टार्टर नसतो), तिथे इंजिन बंद असताना काँटॅक्टर उघडला की गाडीची चालकशक्तीच गेली. भर वेगात, ओव्हरटेक करताना हे झाले तर आगीपासून वाचवताना अपघातात ढकलले असे होते. दुसरी अडचण टॉर्कची. रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (ब्रेक लावताना मोटरने बॅटरी चार्ज करणे) चालू असताना बॅटरी अचानक तोडली तर मोटरकडून येणाऱ्या ऊर्जेला जायला जागा उरत नाही आणि डीसी-लिंकच्या (बॅटरी आणि इन्व्हर्टर यांमधल्या जोडणीच्या) कपॅसिटरवरचा व्होल्टेज क्षणात उसळतो. शेकडो अँपिअर वाहत असताना काँटॅक्टर उघडला तर संपर्कांमध्ये आर्क पेटतो, ते झिजतात, कधी एकमेकांना चिकटून बसतात. चिकटलेला काँटॅक्टर बॅटरी तोडूच शकत नाही. म्हणून आधी इंजिन, मग टॉर्क शून्यावर, मग प्रवाह खाली आणि शेवटी तोडणे हा क्रम.

पण या क्रमाला वेळ लागतो आणि तापलेला सेल वेळ देत नाही. लिथियम-आयन सेलमध्ये अ‍ॅनोडवरचा एसईआय नावाचा संरक्षक थर साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात विघटित होऊ लागतो. पॉलिएथिलीनचा सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडना वेगळे ठेवणारा पडदा) १३० अंशांच्या आसपास वितळतो. तिथून पुढे अंतर्गत शॉर्ट आणि थर्मल रनअवे, म्हणजे स्वतःच वाढत जाणारे अनावर तापणे. पॅकमध्ये सेल पुष्कळ आणि थर्मिस्टर (तापमान सेन्सर) मोजके, त्यामुळे बिघडलेल्या सेलची उष्णता जवळच्या थर्मिस्टरपर्यंत पोचायला उशीर होतो. सेलचा व्हेंट (दाब सोडणारी झडप) उघडून निघालेला वायू मात्र पॅकमधल्या पोकळीत लवकर पसरतो. म्हणजे वायू सेन्सरने तुम्ही जो अवधी कमावता, तोच इंजिन सुरू करण्यासाठी खर्च करता. दोन यंत्रणा एकमेकींवर अशा टेकलेल्या आहेत.

हे क्लेममध्ये उतरवल्यावर असे काहीसे दिसेल: ‘हायब्रिड वाहनासाठी सुरक्षा प्रणाली, जिच्यात इंजिन, ते सुरू करण्याचे एकमेव साधन असलेली उच्च व्होल्टेजची मोटर, काँटॅक्टर व पायरो फ्यूज यांमार्फत त्या मोटरला जोडलेला बॅटरी पॅक, पॅकमधील वायू सेन्सर व तापमान सेन्सर, आणि अशी ईसीयू आहे, जी वायू सेन्सरचा संकेत मिळताच (क) इंजिन बंद असल्यास त्याच पॅकच्या ऊर्जेने मोटरकरवी ते सुरू करते, (ख) मोटरचा टॉर्क उतरवून काँटॅक्टरमधील प्रवाह पूर्वनिश्चित मर्यादेखाली आणते, (ग) त्यानंतरच काँटॅक्टर उघडते, आणि (घ) पॅकचे तापमान पूर्वनिश्चित तापमान-मर्यादेपलीकडे गेलेले असल्यास क ते ग वगळून पायरो फ्यूजने पॅक तोडते.’ पायरो फ्यूज म्हणजे छोट्या स्फोटाने जोडणी कायमची तोडणारा फ्यूज. अंतिम शब्दरचना तुमचा पेटंट एजंट करील. पण ‘एकमेव साधन’, ‘त्याच पॅकच्या ऊर्जेने’ आणि ‘त्यानंतरच’ हे तीन शब्दप्रयोग हातचे जाऊ देऊ नका.

आता डी१ आणि डी२ पुन्हा वाचा. डी१ च्या गाडीत वेगळा १२ व्होल्टचा स्टार्टर आहे. ती आधी बॅटरी तोडते आणि मग निवांत इंजिन सुरू करते. तुमची अडचण तिथे जन्मालाच येत नाही. डी२ मध्ये इंजिनच नाही, आणि वायू दिसताच तत्काळ तोडा हे तो स्पष्ट शब्दांत सांगतो. दोन्ही जोडून तुमच्या गाडीत बसवले तर काय होईल? वायू दिसेल, काँटॅक्टर उघडेल आणि इंजिन सुरूच होणार नाही. एक्झामिनरने सुचवलेला संयोग तुमच्या शोधापर्यंत पोचत नाही, तो बंद पडलेल्या गाडीपर्यंत पोचतो. उत्तरातला सर्वात वजनदार परिच्छेद हा. तो पहिल्या पानावर, साध्या भाषेत आणि डी१, डी२ मधल्या नेमक्या परिच्छेदांचे क्रमांक देऊन लिहा.

याच्याही पुढचा एक मुद्दा आहे, आणि तो बहुतेक उत्तरांत राहून जातो. बिघडत चाललेल्या पॅकमधून मुद्दाम आणखी प्रवाह काढणे ही बॅटरी इंजिनिअरला न पटणारी गोष्ट आहे. सुरक्षेचे त्याचे शिक्षण उलट दिशेचे असते: संशय आला की भार काढा. तुमचा शोध त्या शिकवणीविरुद्ध जातो आणि तरी सुरक्षित राहतो, कारण (घ) ही पळवाट ठेवलेली आहे. मात्र हे नुसते म्हणून चालणार नाही. इंजिन फिरवायला किती अँपिअर, किती वेळ लागले आणि त्या काळात बिघडलेल्या सेलच्या तापमानात किती भर पडली, याचा आलेख हवा. तो मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असेल तर उत्तमच. नंतर केलेला प्रयोग उत्तरासोबत पुरावा म्हणून, प्रयोग करणाऱ्याच्या शपथपत्रासह देता येतो, पण स्पेसिफिकेशनमध्ये घुसवता येत नाही.

कायद्याची चौकट थोडक्यात. पेटंट कायदा १९७० च्या कलम २(१)(जेए) मध्ये इन्व्हेंटिव्ह स्टेपसाठी दोन गोष्टी लागतात: अस्तित्वात असलेल्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि त्याचबरोबर त्या क्षेत्रातल्या जाणकाराला शोध उघड न वाटणे. पहिल्या अर्ध्यावर लोक पानेच्या पाने लिहितात, बाजारपेठ किती मोठी वगैरे. खटका उडतो तो दुसऱ्या अर्ध्यावर. रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ मध्ये जो पायऱ्यांचा क्रम सांगितला (जाणकार कोण, शोधाचे मर्म काय, अग्रक्रमाच्या, म्हणजे पहिल्या अर्जाच्या, तारखेला सामान्य ज्ञान काय होते, फरक कोणते, आणि शोध आधीच माहीत असल्याचा प्रभाव बाजूला ठेवून ते फरक उघड होते का), त्याच क्रमाने उत्तर मांडा. कंट्रोलरला (अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला) आदेश लिहिताना तीच वाट धरायची असते.

अमेरिकेतही अर्ज असेल तर केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा २००७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर येणारच. योगायोगाने तोही गाडीच्याच भागाचा आहे: जागा बदलता येणारे अ‍ॅक्सिलरेटर पेडल आणि त्यावर बसवलेला इलेक्ट्रॉनिक सेन्सर. ओळखीचे भाग ओळखीच्या पद्धतीने जोडून अपेक्षित तेच फळ मिळत असेल तर पेटंट नाही, हे त्याचे सार. तुमच्या बाजूने उत्तर तेच राहते: इथे जोडणीचे अपेक्षित फळ बंद गाडी होते.

काही युक्तिवाद वापरू नका. ‘इंजिन नियंत्रण आणि बॅटरी रसायन ही दोन वेगळी क्षेत्रे, म्हणून दस्तऐवज जोडता येत नाहीत’ हा त्यातला पहिला. हायब्रिड गाडी बनवणाऱ्यांकडे ही दोन्ही माणसे एकत्रच काम करतात आणि कायद्यातला जाणकार हा गरज पडल्यास एक चमू धरता येतो. दुसरा, ‘आमची प्रणाली सुरक्षा मानकाची पूर्तता करते’. मानकाची पूर्तता म्हणजे नावीन्य नव्हे. उलट मानक तुमच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. २०१८ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या जीटीआर २० या जागतिक वाहन-नियमात एका सेलमधला रनअवे पसरून प्रवासी कक्षात धोका निर्माण होण्याच्या किमान ५ मिनिटे आधी इशारा मिळावा अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे एआयएस-०३८ आणि एआयएस-१५६ ही वाहन-मानके बॅटरी सुरक्षेबद्दल बोलतातच. तेव्हा ‘लवकर इशारा देणे’ ही समस्या तुम्ही शोधली असे म्हटलेत तर एक्झामिनर मानकाचे पान पुढे करील. तुमची समस्या त्याहून अरुंद आहे: स्टार्टर नसलेल्या हायब्रिडमध्ये पॅक तोडूनही गाडी चालती कशी ठेवायची. समस्या जितकी नेमकी सांगाल तितके उत्तर मजबूत.

हिअरिंगपूर्वी (कंट्रोलरसमोरच्या सुनावणीपूर्वी) स्वतः एकदा जुन्या दस्तऐवजांचा शोध घ्या, कारण डी३, म्हणजे तिसरा जुना दस्तऐवज, हिअरिंगच्या नोटिशीतही येऊ शकतो. पेटंटांच्या वर्गीकरणात बी६०डब्ल्यू २०/५० (हायब्रिडमधील बिघाड-प्रसंगीचे नियंत्रण), बी६०एल ३/०० (विद्युत वाहनांतील सुरक्षा), बी६०एल ५८/१० (बॅटरीची देखरेख) आणि एच०१एम १०/४८ (मोजणीसह सेल) ही मुख्य ठिकाणे. व्हेंट वगैरे रचना पूर्वी एच०१एम २ मध्ये होत्या. तो गट २०२१ मध्ये मोडून एच०१एम ५० मध्ये गेला, त्यामुळे जुना शोध-आराखडा तसाच चालवलात तर हाती अर्धवट माल येईल. जपानी दस्तऐवज यंत्रभाषांतराने का होईना वाचाच. १९९७ साली प्रियस रस्त्यावर आली तेव्हापासून ‘स्टार्टर नाही, मग काय’ या प्रश्नाशी तिथले लोक झगडत आले आहेत आणि तुमच्या (क) पायरीच्या सर्वात जवळचे काही असेल तर तिथेच असण्याची शक्यता जास्त. टोयोटाने २०१९ मध्ये विद्युतीकरणाशी संबंधित सुमारे २४,००० पेटंट विनाशुल्क वापरू देण्याची घोषणा केली, तेव्हा अनेकांना वाटले की आता त्यांची अडचण नाही. अडचण आहेच. वापरायला मोफत म्हणजे पूर्वज्ञान म्हणून बाद असे होत नाही.

कलम ३(एफ) वर फार शाई खर्चू नका. ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी, ज्यात प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे आपल्या ओळखीच्या पद्धतीने काम करते, तिला हे कलम अडवते. नव्या क्लेममध्ये वायू सेन्सरचा संकेत इंजिनची स्थिती बदलतो आणि इंजिन सुरू झाल्यानंतरच काँटॅक्टर उघडतो. ‘स्वतंत्रपणे’ हा शब्दच लागू होत नाही. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलेली कसोटी, की ज्ञात गोष्टींचा संयोग हा वर्कशॉपमधल्या सुधारणेपेक्षा काही अधिक हवा, ती इथे उद्धृत करावी आणि पुढे जावे.

कलम ३(के) चा आक्षेप येतो कारण जुन्या क्लेममध्ये ईसीयू ‘धोका ओळखते’ एवढेच होते आणि वर्णनात धोक्याचा स्कोअर काढण्याचे सूत्र आहे. ते वाचून कोणालाही अल्गोरिदमच दिसेल. फेरिद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या संगणक-आधारित शोधांना कलमातल्या ‘पर से’ (निव्वळ तेवढेच) या शब्दांच्या आड बाद करता येत नाही ही भूमिका घेतली. नव्या हार्डवेअरची अट पेटंट कार्यालयाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच गळाली होती. तुमच्याकडे तर परिणाम हाताने मोजता येण्यासारखा आहे: काँटॅक्टरमधून वाहणारा प्रवाह आणि फिरू लागलेले इंजिन. स्कोअरचे सूत्र मुख्य क्लेममध्ये आणू नका, लागल्यास अवलंबी क्लेममध्ये (मुख्य क्लेमवर टेकलेल्या, अधिक अरुंद क्लेममध्ये) ठेवा.

स्पष्टतेचा आक्षेप रास्त आहे. ‘अति तापमान’, ‘योग्य वेळी’, ‘धोकादायक पातळी’ हे शब्द काढा. मग आकडा घालायचा का? तुमच्या तक्त्यात (घ) साठीची मर्यादा ८० अंश आहे आणि एसईआयच्या विघटनाशी तिचा संबंध वर्णनात सांगितलेला आहे, हे चांगले झाले. पण ८० हा आकडा मुख्य क्लेममध्ये घातला की स्पर्धक ८५ वर मर्यादा लावून मोकळा होतो. मुख्य क्लेममध्ये ‘एसईआय थराच्या विघटनाच्या आरंभाशी निगडित, पूर्वनिश्चित मर्यादा’ आणि अवलंबी क्लेममध्ये पट्टा, त्याखाली आकडा, अशी उतरंड ठेवा. एक्झामिनरने आकड्याचाच आग्रह धरला तर माघार घ्यायला जागा राहते.

दुरुस्ती करताना कलम ५९ सतत डोळ्यांसमोर असू द्या. दुरुस्त क्लेम मूळ क्लेमच्या व्याप्तीत पूर्णपणे बसला पाहिजे आणि त्यातले सगळे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असले पाहिजे. (क) ते (ग) ही व्याप्ती आवळतात, त्यांचे काही अडत नाही. (घ) बद्दल प्रश्न येऊ शकतो, कारण त्या प्रसंगी गाडी इंजिनवर चालेलच असे नाही आणि मूळ क्लेम तर इंजिनवर चालवण्याचे म्हणतो. उत्तर असे की प्रणाली एकच आहे, ती इंजिनवर नेण्याची क्षमता बाळगतेच आणि (घ) हा तिच्यावर घातलेला वाढीव निर्बंध आहे. तरीही (घ) अवलंबी क्लेममध्ये ढकललेला दुसरा मसुदा तयार ठेवा.

तुमच्या कॅलिब्रेशन टीमला आकडे गुप्त ठेवायचे होते असे प्रश्नात लिहिले आहे. कलम १०(४) प्रमाणे अर्जदाराला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करावी लागते. तक्ता दिलात ते बरे झाले. जिथे टीमने ‘ईसीयू योग्य ती कृती करते’ असे लिहून हात झटकले आहेत, त्या परिच्छेदांच्या आधाराने आता काहीही क्लेम करता येणार नाही. काँटॅक्टर उघडल्यानंतर वेगात फिरणाऱ्या कायमचुंबकी मोटरचा बॅक-ईएमएफ (फिरण्यामुळे तिच्यात तयार होणारा व्होल्टेज) डीसी-लिंकला पुन्हा चार्ज करतो, त्यावर अ‍ॅक्टिव्ह शॉर्ट-सर्किट (मोटरचे फेज मुद्दाम आपसांत जोडणे) वापरल्याचे तुम्ही मला सांगितलेत. उत्तम उपाय आहे, पण स्पेसिफिकेशनमध्ये त्याचा एक शब्द नाही, म्हणून या अर्जात तो येऊ शकत नाही. अजून कुठे जाहीर केला नसेल तर त्याचा वेगळा अर्ज करा.

एकाच अर्जात दोन शोध हा आक्षेप कूलिंग प्लेटच्या क्लेममुळे आहे. मान्य करा आणि ते क्लेम काढून कलम १६ खाली विभाजित अर्ज करा. २०२३ मध्ये सिंजेंटा प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने विभाजित अर्जासाठी शोध मूळ क्लेममध्येच असण्याची गरज नाही, स्पेसिफिकेशनमध्ये असला तरी चालेल असे स्पष्ट केले आहे. एकच लक्षात ठेवा, विभाजित अर्ज मूळ अर्जावर पेटंट मंजूर होण्यापूर्वीच करायचा. मंजुरी अनपेक्षितपणे लवकर येते आणि मग दार बंद होते.

प्रात्यक्षिकाबद्दल तुम्ही शेवटी ओझरते विचारले आहे. अर्जापूर्वी गाडी रस्त्यावर चालवली असेल तर घाबरून जाऊ नका. कलम ३२ प्रमाणे अग्रक्रमाच्या तारखेआधीच्या एका वर्षात, केवळ वाजवी चाचणीसाठी आणि शोधाच्या स्वरूपामुळे ती उघड्यावर करणे आवश्यक असल्यास, तेवढ्याने नावीन्य जात नाही. चाचणीची नोंदवही जपून ठेवा. पण त्या चाचणीचा व्हिडिओ कोणी प्रसिद्ध केला असेल आणि त्यात क्रम समजावून सांगितला असेल, तर ती चाचणी राहत नाही, ते प्रकाशन होते. हे आजच तपासा.

मुदतींमध्ये लोक एका ठिकाणी हमखास फसतात. एफईआरला उत्तर द्यायला ६ महिने असतात आणि फॉर्म ४ भरून आणखी ३ महिने मिळतात, म्हणून सगळे निवांत असतात. पण २०२४ च्या दुरुस्त नियमांनुसार परदेशी अर्जांची अद्ययावत माहिती देणारा फॉर्म ३ एफईआरच्या तारखेपासून ३ महिन्यांत द्यायचा आहे. अमेरिकेत अर्ज केला असेल तर तो त्यात दाखवावा लागेल.

उत्तरानंतरही कंट्रोलरचे समाधान झाले नाही तर हिअरिंग लागेल. तिथे वीस पानी सादरीकरण नेऊ नका. एक वेळ-आकृती न्या: आडव्या अक्षावर सेकंद, त्यावर वायू सेन्सरचा संकेत, इंजिनचे आरपीएम, काँटॅक्टरमधला प्रवाह आणि थर्मिस्टरचे तापमान, आणि त्याखाली त्याच मापात डी१ अधिक डी२ चा परिणाम. शोध करणाऱ्या इंजिनिअरला सोबत बसवा, मात्र बोलू द्या फक्त तांत्रिक प्रश्नावर. हिअरिंगनंतर लेखी निवेदनाला १५ दिवस मिळतात. तोंडी मान्य झालेली प्रत्येक दुरुस्ती आणि तो तयार ठेवलेला दुसरा मसुदा, दोन्ही त्यात जोडा.